बाळ इथलं, आम्ही बाहेरचे : परक्या गावात आईबाप झालेल्यांनी इथे बोलावं

पहाटपाळी (धागा सुरू)

मुलगी साडेसात महिन्यांची झाली. या गावात येऊन आम्हाला तेरा महिने झालेत. मला चौथा महिना लागला होता तेव्हा सामान घेऊन इथे उतरलो. नवऱ्याची नोकरी इथली, माझं काम घरून होणारं. त्यामुळे बाळंतपणापर्यंत मला तीनच रस्ते ठाऊक होते: दवाखान्याचा, किराणा दुकानाचा आणि स्टेशनचा. तिसरा जास्त डोक्यात घोळायचा, कारण तो घरी जाणारा होता.

पत्त्यात या गावाचं नाव मी कितीतरी वेळा लिहिलं होतं. कधी काही वाटलं नाही. पण मुलीच्या जन्मदाखल्याचा अर्ज भरताना 'जन्मस्थळ' या रकान्याशी हात थांबला. पत्ता उद्या बदलेल, हा रकाना तिच्या आयुष्यभर हाच राहणार. तिला कुणी 'तू कुठली?' असं विचारलं तर ती या गावाचं नाव सांगणार. आणि हे गाव तिच्या आईलाच माहीत नाही. लिहिलं आणि अर्ज देऊन टाकला, पण तो क्षण मनातून जात नाही.

पहिले दोन महिने फार कठीण गेले. संध्याकाळी सहाला रडणं सुरू व्हायचं ते नऊपर्यंत. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. मान्य. तरी मला वाटायचं, माझ्या गावी असते तर ही एवढी रडली नसती. तिथे घ्यायला किती हात होते! इथे दोनच खांदे, माझे आणि त्याचे. दोन्ही भरून आलेले.

तिसऱ्या महिन्यात दवाखान्यातल्या ताईंनी सुचवलं की दिवस-रात्रीचा फरक कळू लागायचं हेच वय आहे, तेव्हा रोज सकाळी उजेडात नेत जा. म्हणून मी साताच्या सुमाराला तिला झोळीत बांधून निघू लागले. रस्ता ठरलेला: फाटक, पोस्ट, वाचनालयाच्या पायऱ्या, मोठं झाड, परत. पंचवीस मिनिटं. केवळ उजेडासाठी. गावाशी ओळख करून घ्यायचा विचारही मनात नव्हता.

पहिले काही आठवडे कुणी बोललं नाही. मग रस्ता झाडणाऱ्या मावशी झाडू थांबवून आम्हाला जाऊ द्यायला लागल्या, धूळ उडू नये म्हणून. वाचनालयाचं दार उघडणाऱ्या बाई कुलूप काढता काढता मान हलवायच्या. झाडाखालचे एक आजोबा रोज विचारायचे, "झोपली की जागी?" त्यांना एवढंच हवं असायचं. मग लस दिली, ताप आला, दोन दिवस फेरी चुकली. तिसऱ्या दिवशी वाचनालयातल्या बाई पायऱ्या उतरून खाली आल्या आणि म्हणाल्या, "काळजी वाटत होती." घरी येईपर्यंत मी रडत होते.

आता खरं विचारायचं ते. हे गाव आवडायला लागलंय, आणि त्याचंच मला वाईट वाटतं. इथल्या कुणाबद्दल 'आपल्या' हा शब्द तोंडात आला की जुन्या गावाशी फितुरी केल्यासारखं वाटतं. आईशी फोनवर बोलताना मी इथल्या चांगल्या गोष्टी गाळून सांगते. तिला वाटू नये की मी रुळले. असं कुणाचं झालंय का? तुम्ही कधी रुळलात, आणि कशाने?

बदलीवाली

अकरा वर्षांत चार गावं झाली, दोन मुलं वेगवेगळ्या गावी झाली. तेव्हा अधिकाराने लिहिते.

थोरल्याच्या वेळी मी चूक केली. माझ्यासारखीच, माझ्याच भाषेची, माझ्याच वयाची, तान्हं मूल असलेली बाई शोधत गावभर हिंडले. सापडल्याही तीन-चार. एक गावाच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. तान्ह्याला घेऊन अर्धं गाव ओलांडायचं म्हणजे दोन दुपट्यांची, बाटलीची आणि झोपेच्या वेळेची कसरत. महिन्याभरात भेटी बंद पडल्या.

धाकटीच्या वेळी एक जुना अभ्यास वाचनात आला आणि माझं वागणंच बदललं. फेस्टिंगर, शाख्टर आणि बॅक या तिघांनी अमेरिकेत एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत मैत्री कुणाची कुणाशी होते ते पाहिलं होतं. पुस्तक 1950 साली आलं. माणसं साधारण सारख्याच परिस्थितीतली, घर कुणी निवडलेलं नाही, मिळालं तिथे राहिलेली. लगतच्या दारातल्या शेजाऱ्यांपैकी 41 टक्क्यांशी जवळीक झाली होती, मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांपैकी फक्त 10 टक्क्यांशी. अंतर म्हणाल तर काही पावलांचं! जिन्याशी आणि टपालपेट्यांशी ज्यांची दारं होती, त्यांची वरच्या मजल्यावरही मैत्री झाली, कारण येणारा-जाणारा त्यांच्या दारावरूनच जायचा.

मग मी दुपारी पाच ते सहा दार सताड उघडं ठेवायला लागले. उंबऱ्याच्या आत सतरंजी, त्यावर बाळ, शेजारी मी कपड्यांच्या घड्या घालत. बस्स. पंधरवड्यात जिन्यावरून जाणारी निम्मी माणसं ओळखीची झाली. त्यात माझ्या वयाचं कुणीच नव्हतं. सर्वांत जवळची झाली ती सत्तरीतली एक बाई आणि सहावीतला एक मुलगा, जो शाळेतून येताना बाळाला रोज एक नवीन शब्द ऐकवून जायचा.

फितुरीबद्दल: चारही गावांत वाटलं. पहिल्या गावी फार, चौथ्या गावी थोडं. पूर्ण जात नाही. आणि आईला खरं सांग. माझ्या आईला मी किती वर्षांनी सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "एवढी वर्षं मी तुझ्या काळजीने झोपले नाही, आणि तू हे लपवत होतीस?"

निशाचर_बाबा

इथे एका बाबाने लिहिलं तर चालेल ना?

आमच्याकडे पहिले सहा महिने बायकोचं काम सुरू आणि मी घरी, बाळापाशी. तेही तिच्या नोकरीसाठी नव्याने आलेल्या गावात. बागेत बाबागाडी घेऊन गेलो की बाकावरच्या आया आपसात बोलायच्या, मी जवळ गेलो की गप्प व्हायच्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. अनोळखी पुरुष दुपारी बागेत का फिरतोय, असं वाटणं साहजिक आहे. पण मला आठवडे-आठवडे घराबाहेर एकही पुरं वाक्य बोलायला मिळत नव्हतं.

एकदा बाबागाडीचं पुढचं चाक अडकलं. खालच्या मजल्यावरच्या काकांकडे पाना मागितला. ते पाना घेऊन स्वतःच आले, चाक काढलं, साफ केलं, तेल घातलं आणि तासभर बसले. त्यानंतर दर रविवारी ते "चाक बघू" म्हणून येतात. चाकाला काहीही झालेलं नसतं. मदत मागितली की समोरच्याला आपल्या दारी यायला कारण मिळतं, हे मला तोवर कळलं नव्हतं. मी तर कुणाला त्रास नको म्हणून मुद्दाम काही मागत नसे.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा 2018 चा अभ्यास आहे: ओळखीच्या माणसाचा साधा मित्र व्हायला एकत्र घालवलेले सुमारे 50 तास लागतात, जवळच्या मैत्रीला 200 हून जास्त. आठवड्याला एक तास धरला तर नुसत्या साध्या मैत्रीलाच वर्ष होतं. म्हणून मी आता काकांबरोबर रोज संध्याकाळी गाडी ढकलत जातो. ते त्यांच्या गुडघ्यांसाठी चालतात, मी माझ्या लेकासाठी. पहाटपाळी, तुमची रोजची पंचवीस मिनिटं तुम्हाला वाटतात त्यापेक्षा खूप मोठी आहेत.

खिडकी

सगळ्यांचं वाचलं. मला त्रास झाला वाचून, खोटं कशाला बोलू.

माझं बाळ चार महिन्यांचं आहे. फेरी, उघडं दार, यातलं काहीच मला जमणार नाही. मी पडदेही उघडत नाही. बाळाचं सगळं वेळेवर करते, पण हात करतात, मी नसतेच तिथे. ती झोपली तरी मला झोप लागत नाही. सगळे म्हणतात नवीन गाव आहे, होईल सवय. मलाही वाटायचं गावामुळेच. आता माहीत नाही.

उंबरठा

खिडकी, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. मी परिचारिका आहे, बाळंतिणींच्या विभागात बरीच वर्षं काढली आहेत. तुमच्याशी थेट बोलते.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणं, उदास वाटणं पुष्कळ जणींना होतं आणि ते दोन आठवड्यांत आपोआप निवळतं. चार महिन्यांनीही ते असेल, बाळ झोपलेलं असताना तुम्हाला झोप येत नसेल, आपण तिथे नाहीच असं वाटत असेल, तर ते गावाच्या अंगावर टाकून वाट बघत बसू नका. हा आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत, आणि त्यांनी माणसं बरी होतात. तुमच्या आईपणात काही कमी आहे असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही.

एडिनबरा नावाची एक प्रश्नावली आहे, 1987 सालापासून वापरात आहे, जगभर वापरतात. दहाच प्रश्न, सगळे मागच्या सात दिवसांबद्दल. दवाखान्यात पाच-दहा मिनिटांत होते. निदान डॉक्टरच करतात, पण बोलायला सुरुवात कुठून करावी हे सुचत नाही तेव्हा तिचा मोठा आधार होतो. बाळाच्या लशीच्या तारखेची वाट पाहू नका, त्याआधी स्वतःसाठी जा. बोलता येत नसेल तर वर लिहिलेला हाच मजकूर फोनवर दाखवा. आणि स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार एकदा जरी मनात आला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी सांगा आणि एकट्या राहू नका.

बाकीच्यांनाही एक सांगते. नव्या गावात हा आजार लपून राहतो. जुन्या गावी आई, बहीण, मैत्रीण तोंड बघूनच म्हणते की तू अशी नव्हतीस. इथे तुम्ही आधी कशा होता हेच कुणाला माहीत नसतं. म्हणून घरातल्या दुसऱ्या माणसाने डोळे उघडे ठेवायचे. आणि हो, बाबांनाही होतो.

जुनं_खोड

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. जन्म याच गावी, वय 71. आमच्या इमारतीत दर दोन-तीन वर्षांनी एखादं नवं जोडपं येतं, त्यांना मूल होतं.

तुम्हाला वाटतं आम्ही चौकशी करत नाही. आमच्या घरात काय चालतं ते ऐका. बायको म्हणते, "जाऊन बघून येऊ का?" मी म्हणतो, "बाळ आत्ताच झोपलं असेल, बेल वाजली तर उठेल, त्या मुलीला वाटेल म्हातारे नाक खुपसायला आले." मग आम्ही जात नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे महिने जातात. रात्री बाळ रडतं ते आम्हाला भिंतीतून ऐकू येतं, आम्हीही जागेच असतो. सकाळी जिन्यात भेटलो की मात्र बोलतो हवापाण्याबद्दल.

एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने दाराला चिठ्ठी लावली: 'बेल नको, हळू टकटक करा. चार ते सहा आम्ही जागे असतो.' तिने ती कुरिअरवाल्यांसाठी लावली असेल कदाचित. पण आम्ही दोघांनी ती वाचली आणि त्याच दिवशी चारला टकटक केली! आज तो पोरगा शाळेत जातो आणि गणित करायला आमच्याकडे येतो.

वेळ सांगून ठेवा. आम्हाला तेवढंच हवं असतं.

अक्षरओळख

पहाटपाळी, तुमच्या गावची बोली घरच्यापेक्षा वेगळी आहे का? असेल तर एक गोष्ट सांगावीशी वाटते.

जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांचं 1984 चं काम आहे. इंग्रजी घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं त्यांनी तपासली. हिंदीतला 'त' आणि 'ट' यांतला फरक त्या बाळांना कळत होता, जो त्यांच्या आईबापांना ऐकूच येत नव्हता. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत ती जाण ओसरली होती, कारण ते आवाज त्यांच्या आसपास नव्हते. म्हणजे बाळ सगळ्या भाषांसाठी कान उघडे ठेवून येतं, आणि पहिल्या वर्षात भोवतालच्या माणसांप्रमाणे कान जुळवून घेतं.

तुमची लेक आत्ता नेमकी त्या वयात आहे. झाडाखालच्या आजोबांचं ते 'झोपली की जागी?' तिच्या कानात घर करतंय. तुमची भाषा तिला तुमच्याकडून मिळणारच आहे, त्यात काही उणं होणार नाही. इथली बोली मात्र तिला इथली माणसंच देऊ शकतात.

पहाटपाळी

बोली वेगळी आहे, हो. इथे वाक्याच्या शेवटी एक हेल काढतात. मला सुरुवातीला तो कानाला टोचायचा. परवा मुलगी एकटीच पडून 'बाबाबा' करत होती आणि शेवटी आवाज वर नेत होती. मला वाटलं तोच हेल. कदाचित माझ्या मनाचे खेळ असतील.

जुनं_खोड काका, चिठ्ठी लावली. 'टकटक करा, पाच ते सात.' तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या काकू आल्या. दारातूनच म्हणाल्या, "तेरा महिने म्हणतेय, येऊ की नको." तुम्ही लिहिलंत ना, हुबेहूब तसंच.

खिडकी, कशा आहात?

खिडकी

गेले होते. वर लिहिलेलंच दाखवलं, बोलता आलं नाही. औषध सुरू झालंय, आठवड्याला एकदा बोलायला जायचं आहे. अजून फार फरक नाही. उंबरठा, तुम्ही लिहिलं नसतं तर गेले नसते.

पहाटपाळी (पाच आठवड्यांनी)

धागा वर आणतेय, कारण एक गोष्ट घडली आणि ती दुसरीकडे कुठे सांगता येणार नाही.

बदलीवालीचं ऐकून आईला सगळं सांगितलं. फेरी, आजोबा, काकू, सगळं. ती काही बोलली नाही, चौथ्या दिवशी येऊन दाखल झाली. मुलीचा जन्म झाला तेव्हा ती तीन आठवडे इथे होती, नंतर आत्ताच. मधे रोज व्हिडिओवर भेट.

आईने दारातच हात पुढे केले आणि मुलगी किंचाळून रडली. माझ्या मानेत तोंड खुपसलं, बघायलाच तयार नाही. आई हसली, म्हणाली, "विसरली गं." पण तिचा चेहरा मी पाहिला. मी सामान आत घेतेय तोवर काकू आल्या, टकटक करून. आणि हिने रडता रडता त्यांच्याकडे झेप घेतली. अक्षरशः झेप. काकूंच्या खांद्यावर जाऊन गप्प झाली आणि तिथून आईकडे टक लावून बघत बसली.

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. एकीकडे आईसाठी जीव तुटत होता. दुसरीकडे मनात येत होतं, हिची माणसं आहेत इथे. मी वर्षभर 'आपलं' म्हणावं की नाही याचा घोळ घालत बसले, आणि हिने कधीच ठरवून टाकलं होतं.

आईसाठी काय करू? दोन दिवस झाले, जवळ गेली की ही रडते.

उंबरठा

आईंना सांगा की हे अगदी वयाप्रमाणे चाललंय. आठव्या-नवव्या महिन्याच्या आसपास बाळांना ओळखीचे आणि अनोळखी यांत फरक करता येतो आणि अनोळखी माणसाची भीती वाटू लागते. पडद्यावरचा चेहरा ओळखीचा असला तरी अंगाचा वास, उंची, आवाजाचा पोत नवा असतो.

हात पुढे करायचे नाहीत. जमिनीवर बसायचं, बाळाच्या नजरेच्या उंचीला. तिच्याकडे सरळ रोखून बघायचं नाही, स्वतःचं काहीतरी करत राहायचं: घड्या घाला, डबा उघडा-मिटा, गुणगुणा. तुम्ही जवळ असा आणि आईंशी हसून बोलत राहा. बाळ तुमच्या चेहऱ्यावरून ठरवतं की माणूस बरा आहे की नाही. बाळाला स्वतः येऊ द्या. घाई केली की उलट लांबतं.

जुनं_खोड

आणि आईला सकाळच्या फेरीला घेऊन जा. ती जिथे खुशीत असते तिथे आजी दिसू दे तिला.

पहाटपाळी

काल नेलं फेरीला. झाडू थांबला, मावशींनी विचारलं, "आई का?" वाचनालयातल्या बाईंनी आईला आत नेऊन कपाटं दाखवली. झाडाखाली आजोबांनी विचारलं, "झोपली की जागी?" मी सांगायच्या आधी आईच म्हणाली, "जागी आहे." मग दोघं बाकावर बसली आणि आपापल्या गावच्या पावसाबद्दल बोलत राहिली. अर्धा तास गेला. मुलगी माझ्या झोळीतून दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

आज दुपारी आई सतरंजीवर बसून दुपट्यांच्या घड्या घालत होती, तिच्याकडे न बघता. माझ्या लहानपणी म्हणायची तेच गाणं गुणगुणत होती. मुलगी सरपटत निघाली, मधे थांबली, मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी हसले. ती आईच्या गुडघ्यापर्यंत गेली आणि घडी घातलेलं दुपटं ओढून मोडून टाकलं. आईने परत घातली. हिने परत मोडली. चौदा वेळा झालं, मी मोजत होते. अजून मांडीवर गेलेली नाही.

आईने परतीचं तिकीट आठवडाभर पुढे ढकललंय.